ज्याँ तिरोल : स्पर्धा आणि बँकांचे नियमन हे दोन विषय की एकच?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी (प्रश्न) : फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ ज्याँ तिरोल यांना बाजारातील वर्चस्व आणि नियमन यांच्या विश्लेषणासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. मक्तेदारीवरील त्यांचे विवेचन मला माहीत आहे. परंतु बँकांवरही त्यांनी बरेच लिहिले आहे. दूरध्वनी कंपनी आणि बँक यांच्या नियमनात समान धागा कोणता?

सातारकर (उत्तर) : ज्याचे नियमन करायचे त्याच्यापेक्षा नियामकाला कमी ठाऊक असते, हा. कंपनीचा खर्च जसाच्या तसा भरून दिला तर तिला काटकसरीचे कारणच उरत नाही. दराची कमाल मर्यादा घातली तर काटकसर होते खरी, पण वाचलेला पैसा तिच्याच खिशात जातो. ज्याँ-जाक लाफाँ यांच्यासह तिरोल यांनी दाखवले, की दोन्ही धर्तीचे करार समोर ठेवले तर खर्च कमी करू शकणारी कंपनी आपणहून मर्यादेचा करार उचलते आणि त्या निवडीतूनच आपली खरी स्थिती उघड करते. मला तरी हीच त्यांची सर्वांत देखणी कल्पना वाटते.

निवृत्त बँक अधिकारी : बँकेबाबतचा पेच निराळा आहे. मातियास द्वात्रिपाँ यांच्यासह १९९४ च्या पुस्तकात त्यांनी मांडले, की ठेवीदार असंख्य आणि विखुरलेले असल्याने ताळेबंद तपासत बसणे एकेकट्याला परवडत नाही, म्हणून नियामकाने त्यांचा प्रतिनिधी व्हावे, आणि भांडवल ठरावीक पातळीखाली घसरले की सूत्रे भागधारकांच्या हातून काढून घ्यावीत. कारण बुडत्या बँकेच्या भागधारकाला जुगार खेळण्यात गमावण्यासारखे फारसे काही नसते. नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आल्यावर पासबुक घेऊन शाखेपुढे उभे राहणारे पेन्शनर पाहिले, की ताळेबंद त्यांनी वाचायला हवा होता असे कोण म्हणेल? आपल्याकडे २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली, हे चांगलेच. पण विमा वाढला की ठेवीदाराची उरलीसुरली नजरही सुटते आणि नियामकाची जबाबदारी तेवढीच वाढते.

विद्यार्थी : आणि नियामकच बँकेच्या कह्यात गेला तर?

सातारकर : लाफाँ-तिरोल यांनी १९९१ मध्ये नेमका हाच प्रश्न हाताळला. कंपनीला मिळणारा वाढीव नफा जितका मोठा, तितका नियामकाला वश करण्याचा मोह मोठा. म्हणून अशा धोक्याच्या ठिकाणी मर्यादेचा कडक करार सौम्य करावा, काटकसर थोडी कमी झाली तरी चालेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे.