बीपीचं औषध पंपावर लागलं की सुटत नाही?

आयसीयूत बीपी धरून ठेवायचं औषध एकदा पंपावर (सिरिंजमधलं औषध सतत थोडं थोडं सोडणाऱ्या यंत्रावर) लागलं की पेशंट त्यावरच दगावतो, असं वर एकांनी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. मी आयसीयूत नर्स आहे आणि ही औषधं सुटून चालत घरी गेलेले पेशंट पाहिलेत. रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनालिन (हे त्यातलंच एक औषध) दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, म्हणून तर ते सतत द्यावं लागतं आणि म्हणूनच थोडं थोडं उतरवत बंदही करता येतं. डॉक्टरांना "औषध चालू आहे का?" एवढंच विचारू नका, "कालपेक्षा डोस कमी झाला का, आणि तरी बीपी टिकतंय का?" हे विचारा. पंपावरच्या नुसत्या आकड्यावरून मात्र अंदाज बांधू नका, मिश्रण दाट केलं तर तोच डोस कमी मिलीत जातो.

५० मिलीची सिरिंज संपत आली की आम्ही दुसरी भरून वेगळ्या पंपावर आधीच तयार ठेवतो, कारण मधे जरासा खंड पडला तरी बीपी कोसळू शकतं. त्या वेळी बाहेर थांबायला सांगितलं तर कृपया राग मानू नका. आणि डोपामाइन हे बीपी धरून ठेवायचं दुसरं औषध सौम्य म्हणून तेच मागा, असं ज्यांनी सुचवलंय त्यांच्यासाठी: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, शॉकमधल्या (बीपी घसरून अवयवांना रक्त कमी पडणाऱ्या) १६७९ पेशंटच्या चाचणीत २८ दिवसांतल्या मृत्यूंत ठळक फरक नव्हता, पण हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण डोपामाइनवर सुमारे २४ टक्के आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनवर १२ टक्के निघालं.