मदत हवी आहे : सासऱ्यांच्या फोटोखाली वीतभर पाखरू बसलंय, हलत नाही

पावशेरशेव (धागाकर्ती)

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आम्ही इंदूरचे, घर बायपासकडे, गच्चीतून रालामंडलची टेकडी दिसते. परवा पहिला जोराचा पाऊस झाला. काल दिवेलागणीला आईंच्या (सासूबाई) खोलीत लाइट लावला आणि मी किंचाळलेच. बाबांच्या फोटोखाली भिंतीला चिकटून एक पाखरू. पाखरू कसलं, पंख पसरून जवळजवळ वीतभर! हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा रंग, चारी पंखांवर एकेक गोल डोळा. खाली भिंतीवर पातळ चहा ओघळावा तसा डाग.

घरात चार माणसं, पाच मतं. नवरा झाडू घेऊन आला. शेजारचे काका झुरळांचा स्प्रे देऊन गेले. कामवाली उंबऱ्यातूनच "भाभी, इसका पाउडर आँख में गया तो अंधे हो जाओगे" म्हणाली आणि त्या खोलीचा केर तसाच ठेवून गेली. पुतण्या व्हिडिओ काढतोय. आणि आई म्हणतात, बाबा आलेत, कुणी हात लावायचा नाही. बाबांना जाऊन दीड वर्ष झालंय, त्यामुळे कुणी काही बोलत नाही. रात्री त्या तिथेच झोपल्या, त्याच्याखाली.

मला पाखरांची लहानपणापासून भीती. हे चावतं का? विषारी आहे का? आईंना न दुखावता बाहेर कसं काढू? आणि खिडक्यांना जाळ्या असताना हे आत आलं कुठून, याचं उत्तर कुणालाच देता येत नाहीये. आईंच्या म्हणण्याला त्यामुळे जास्तच जोर आलाय.

घाबरटगोगलगाय

मी असते तर माहेरी निघून गेले असते. ते पाखरू जाईपर्यंत.

खटपट्या

स्प्रे मारा, मोकळे व्हा. एका किड्यासाठी धागा!

झाडपाला

खटपट्या, स्प्रे आईंच्या उशाशी मारायचा का?

ताई, सगळ्यात आधी पंखा बंद करा. त्या खोलीत त्याला खरा धोका पंख्याचाच आहे, फाटलेला पंख पुन्हा भरून येत नाही.

हा टसरचा पतंग दिसतोय, रेशमाचा. वर्णनावरून मादी असावी : पोट जाड, पिवळा रंग. मिशा बारीक आहेत ना? नराच्या पिसासारख्या रुंद असतात आणि तो तपकिरी, थोडा लहान असतो. चावायचा प्रश्नच नाही, याला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्याच शिदोरीवर आठवडाभर जगायचं. नांगी नाही, विष नाही. पूड म्हणजे पंखांचे खवले. डोळे चुरचुरतील फार तर, हात धुवा. आंधळंबिंधळं कुणी होत नाही. खाज आणतात ते शेवग्यावरचे केसाळ सुरवंट, ते वेगळं प्रकरण.

आता आत कसं आलं. ते आत *आलेलंच नाही* असं मला वाटतंय. भिंतीवरचा डाग नुकत्याच कोशातून निघालेल्या पतंगाचा असतो. पंख फुगवून वाळवले की उरलेलं पाणी तो असं टाकतो. घरात कुठे रानातली वाळकी फांदी आहे का? तिच्यावर कोंबडीच्या लहान अंड्याएवढं, राखाडी, टणक काही?

पावशेरशेव

अंगावर काटा आला!! आहे! जानेवारीत चोरलला गेलो होतो, तिथून पुतण्याने बोरीची फांदी आणली होती. तिला एक कडक फळ लटकलेलं, त्याचा देठ काटकीभोवती अंगठीसारखा वळलेला. आईंनी ती शोभेला फुलदाणीत खोचली, बाबांच्या फोटोशेजारीच. सहा महिने मी त्यावरची धूळ पुसतेय. आत्ता जाऊन पाहिलं, देठाच्या बाजूला भोक आणि हलवलं की आत खुळखुळ.

झाडपाला

खुळखुळतं ते आतलं रिकामं टरफल. हिवाळा-उन्हाळा तो जीव आत झोपून काढतो आणि पावसाच्या सुमाराला उठतो. तोंडातून रस सोडून कोश मऊ करतो, धागे सारून बाहेर. बोर, अर्जुन, ऐन यांवर याच्या अळ्या वाढतात.

बाहेर काढायचं तर पंखांना धरू नका. पुढच्या पायांसमोर पुठ्ठा धरा, मागून हलकेच ढकला, आपणहून चढेल. पण एक रात्र थांबलात तर गंमत दिसेल. मादी जागेवर बसून गंध सोडते आणि नर लांबून तो हुंगत येतात. खिडकी उघडी, जाळी लावलेली राहू द्या.

खटपट्या

स्वयंवर. हसून हसून पुरेवाट.

चांप्याचीमावशी

तुमच्या आईंकडे कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी आहे का? छत्तीसगढातल्या चांप्याचा कोसा प्रसिद्ध, 2000 पर्यंत ते सगळं मध्य प्रदेशातच होतं. तो धागा याच जातीचा. सलग धागा हवा म्हणून आतला जीव बहुतेक वाफेतच मारतात, नाहीतर तो असंच भोक पाडून निघतो. आईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी माझ्या सासूला सांगितलं होतं आणि पुढे दोन वर्षं तिने नैवेद्याला सुती पातळ नेसलं.

घाबरटगोगलगाय

ताई, पुढे काय झालं? मी माहेरी गेले नाही, इथेच बसलेय.

पावशेरशेव

सांगते. आईंना कोश दाखवला. मला वाटलं हिरमुसतील. त्यांनी तो हातात धरून बराच वेळ फिरवला आणि म्हणाल्या, "म्हणजे सहा महिने इथेच होता की." कोण, ते मी विचारलं नाही.

रात्री अकराच्या पुढे जाळीवर फडफड. बाहेरून एक तांबूस तपकिरी पतंग धडका देत होता, मिशा खरंच पिसासारख्या. पुतण्याच्या आधी आई उठल्या आणि त्यांनीच जाळी सरकवली. "पावसात कशाला उभा करता त्याला?" नवरा झाडू घेऊन आला होता, तो तसाच परत गेला.

सकाळी दोघं शेपटीला शेपटी जोडून फोटोखाली. मी पहिल्यांदा जवळ जाऊन पाहिलं, टॉर्च धरून. पंखावरच्या डोळ्याच्या मधोमध काचेसारखी जागा आहे, तिच्यातून आमच्या भिंतीचा गुलाबी डिस्टेंपर दिसतो! भीती गेली असं नाही, टॉर्च धरलेला हात लटपटत होता.

संध्याकाळी दोघं सुटी झाली, नर आपला आपण उडून गेला. मादीला पुठ्ठ्यावर घेऊन कॉलनीच्या बागेत अर्जुनावर सोडलं. पुठ्ठा आईंनी धरला, छत्री मी.

आता नवीन अडचण. फोटोच्या चौकटीवर मोहरीहून थोडी मोठी, चपटी, चिकटलेली पंधरा-वीस अंडी आहेत. खरवडून अर्जुनावर नेऊ, की चौकटच नेऊन टांगू? आई दुसऱ्याला तयार आहेत.

झाडपाला

चौकट नको, पाऊस आहे. नखाने खरवडू नका, ओल्या कापसाने कडा भिजवा आणि अंडी कागदाच्या पुडीत घाला. आठ-दहा दिवसांत फुटतील. पुडी डहाळीला बांधा, पानाच्या अगदी जवळ.

पावशेरशेव

धन्यवाद. शेजारचे काका विचारत होते स्प्रे लागला का. परत दिला.