‘इंग्लिश इंटरनॅशनल’ म्हणजे नेमकी कुणाची इंग्रजी?

प्रश्न : विंडोज डाउनलोड करताना भाषांच्या यादीत अमेरिकी इंग्लिशखाली ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ अशी वेगळी ओळ असते. ‘इंटरनॅशनल’चा अर्थ ‘सगळीकडे चालणारी’ असा घ्यायचा का? लंडनला राहायला जाणाऱ्याने कुठली घ्यावी?

उत्तर : शब्द फसवा आहे. यातला ‘इंटरनॅशनल’ म्हणजे ‘अमेरिका सोडून बाकीचे’, आणि आत निघते ती ब्रिटिश इंग्रजी. सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’ला झेडऐवजी एस, ‘कलर’मध्ये जास्तीचा यू. पडद्यावर दिसणारी विंडोजची इंग्रजी मुळात या दोनच. ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडली तरी तारीख, चलन, आकड्यांचे स्वल्पविराम एवढंच भारतीय होतं: १,२३४,५६७ च्या जागी १२,३४,५६७.

लंडनला जाणाऱ्याच्या लॅपटॉपवर आधीच विंडोज असेल, तर लंडन विसरा आणि मशीनची मूळ भाषा बघा. अमेरिकी विंडोजवर इंटरनॅशनलची फाइल चालवून अपग्रेड करायला गेलं, तर ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय फिका पडतो आणि सगळे प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागतात. मूळ भाषा कळण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिसम /ऑनलाइन /गेट-इंटल’ ही आज्ञा (अर्थात रोमनमध्ये: dism /online /get-intl) द्या. ‘डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज’समोर ईएन-यूएस (अमेरिकी) किंवा ईएन-जीबी (ब्रिटिश, म्हणजेच इंटरनॅशनल) लिहिलेलं दिसेल. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, हेच अनुक्रमे ०४०९ आणि ०८०९ या क्रमांकांनी नोंदलेलं असतं.

पुरवणी : वरचं बरोबर, पण खरा घोळ कीबोर्डात होतो. इंटरनॅशनल प्रत नव्याने टाकताना ब्रिटिश कीबोर्ड आपोआप निवडला जातो आणि भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर कळा अमेरिकी रचनेच्या असतात. मग शिफ्ट आणि २ दाबलं की ‘अ‍ॅट’ऐवजी दुहेरी अवतरण उमटतं, शिफ्ट आणि ३ वर हॅशऐवजी पौंडाची खूण. पासवर्ड ठरवताना नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पुढे कधीतरी कीबोर्ड अमेरिकी केला की तोच पासवर्ड ‘चुकीचा’ ठरतो. अशा वेळी लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली ‘ईएनजी’वर टिचकी मारून ब्रिटिश रचना निवडा, आत शिरा, मग पासवर्ड बदला. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड घ्यावा; उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ते येतं.

प्रश्न : त्याच धाग्यातलं. सॉफ्टवेअरच्या करारात ‘लायसन्स’ कुठे सी घालून लिहितात, कुठे एस. अर्थ बदलतो का?

उत्तर : नाही. ब्रिटिश लिखाणात नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. अमेरिकेत दोन्हीकडे एस. आपलं बरं आहे, ‘परवाना’ आणि ‘परवाना देणे’ म्हटलं की काम झालं. उलट ‘प्रोग्रॅम’ हा संगणकाचा असेल तर ब्रिटिशही तो अमेरिकी पद्धतीनेच लिहितात; शेवटी ‘एमएमई’ लावलेला तो टीव्हीवरचा किंवा समारंभाचा कार्यक्रम.

अर्थ खरोखर बदलतो तो ‘पौंड’चा. अमेरिकी मदतकेंद्राचा फोनवरचा आवाज ‘आकडे टाका आणि पौंड दाबा’ असं सांगतो, तेव्हा त्याला हॅशची कळ अभिप्रेत असते. तिकडे वजनाच्या आकड्यापुढे ही खूण लिहायची रीत होती, त्यावरून ते नाव. ब्रिटनमध्ये पौंड म्हणजे चलन, आणि ही कळ हॅशच. ‘ब्रॅकेट’ची गतही तीच: नुसतं ‘ब्रॅकेट’ म्हटलं तर ब्रिटिश माणूस गोल कंस घालतो, अमेरिकी माणूस चौकोनी. कोड लिहिण्याच्या सूचनेत हा फरक महागात पडतो. म्हणून मराठीत मदतपुस्तिका करताना ‘कंस’ एवढ्यावर थांबू नये, गोल की चौकोनी ते लिहावं.

पुरवणी : किमतीचे शब्दही बघून घ्या. अमेरिकी दुकानातल्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो राज्यानुसार शेवटच्या पानावर चढतो. ब्रिटनमध्ये ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच असतो. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून ‘अमेरिकेत स्वस्त’ म्हणणं घाईचं. आणि ‘झिप कोड’च्या (अमेरिकी पिनकोडच्या) रकान्याला पाच आकडे लागतात, आपला पिन सहा आकड्यांचा. पत्त्यातला देश आधी भारत केला तर बऱ्याच ठिकाणी तो रकाना बदलतो. बदलला नाही, तर ते दुकान बहुधा भारतीय कार्ड घेतच नाही.