अभिसरणाचा दर: आधी आकडे की आधी सिद्धता?

खाडीकाठ, दापोली
समीकरणाच्या उत्तराकडे पायरीपायरीने सरकत जाणं म्हणजे अभिसरण. न्यूटनची पद्धत दर पायरीला वक्राच्या स्पर्शिकेवरून पुढचा अंदाज काढते; द्विभाजन उत्तर असलेला पट्टा दर वेळी निम्मा करतं. नवी चूक आधीच्या चुकीच्या कितव्या घाताच्या पटीत उरते, तो पद्धतीचा क्रम. आमच्या बी.एस्सी.च्या मुलांना ‘न्यूटनचा क्रम २, द्विभाजनाचा १’ हे झोपेतही म्हणता येतं. म्हणजे काय, असं विचारलं की गप्प. माझं मत ठाम आहे: सिद्धता नंतर, आधी हाताने आकडे काढू द्या.

यंदा मी बंदरावर असते तशी डिझेलची आडवी गोल टाकी घेतली. व्यास २ मीटर. पाव टाकी भरली तर तळाला टेकवलेली काठी किती भिजेल? सगळे म्हणाले, ५० सेंटीमीटर. खरं उत्तर ५९.६, कारण तळाकडे टाकी अरुंद असते. डिझेलच्या पातळीने केंद्राशी केलेला कोन क (रेडियनमध्ये) धरा. भरलेला भाग वर्तुळाचा पाव, म्हणून क − साइन क = पाय (π)/२. क मधून पाय/२ वजा करून उरलेल्याला य म्हणा, की राहतं य = कॉस य.

मग १ घेऊन कॅल्क्युलेटरवर कॉस दाबत राहायचं. ०.५४०, ०.८५८, ०.६५४, ०.७९३… य च्या खऱ्या उत्तराच्या, म्हणजे ०.७३९०८५ च्या, दोन्ही बाजूंना झोके. दर दाबाला चूक साधारण ०.६७ पट उरते. एक दशांश स्थळ पक्कं व्हायला जवळजवळ ६ दाब! बोटं दुखली तेव्हा वर्गाला ‘रेषीय अभिसरण’, म्हणजे क्रम १, कळलं.

मालवणकर
बाई, माका ह्या पटला नाय. ०.६७ आला कुठून? कॉसचा उतार साइनवरून मिळतो, आणि ०.७३९ ला साइन ०.६७४ आहे. हे न सांगता दिलेला आकडा मुलांना योगायोगच वाटणार. द्विभाजनाचाही क्रम १ च, पण तिथे चूक जास्तीत जास्त किती असू शकते ती मर्यादा दर पायरीला निम्मी होते, म्हणजे तुमच्या बटणापेक्षा ते वेगवान. हा फरक नुसत्या क्रमातून कळत नाही, प्रमेयातून कळतो.

भरती
सुरुवात कुठून करायची, हे दोघांनीही सोडलंत. क च्या मूळ समीकरणाला न्यूटन लावा. ३.१४१५९ पासून निघालात तर २.३५६१९, २.३१०३३, २.३०९८८. चूक ०.०४६, मग ०.०००४५, मग ०.०००००००४५. आता ०.१ पासून निघा. तिथे उतार जेमतेम ०.००५, आणि न्यूटनमध्ये त्यानेच भागायचं असतं, त्यामुळे पहिल्याच पायरीला थेट ३१४ च्या पुढे फेकले जाल! क्रम २ चं वचन मुळाच्या (खऱ्या उत्तराच्या) जवळ पोहोचलेल्यालाच मिळतं. म्हणून मी द्विभाजन आधी शिकवतो. ० ते पाय या पट्ट्यात २२ विभाजनांत चूक एक दशलक्षांशाच्या खाली, हमखास.

खाडीकाठ, दापोली
०.१ चा प्रयोग उद्याच्याच तासाला घेते. सिद्धता मात्र पहिल्या तासाला आणणार नाही. ३१४ स्वतः काढलेला मुलगाच ‘पुरेसं जवळ म्हणजे किती?’ असं विचारतो.

मालवणकर
विचारू दे की. त्याचं उत्तर टेलरच्या विस्तारातच, म्हणजे मुळाजवळ फल घातांच्या बेरजेत मांडण्यातच, आहे. निदान त्याच तासाला प्रत्येक चुकीला आधीच्या चुकीच्या वर्गाने भागायला लावा. आधी ०.२१ येईल, मग ०.२२. तो आकडा का स्थिरावतो, हे फळ्यावर मांडल्याशिवाय तास संपवू नका.