मदत हवी आहे: मायच्या रूट कॅनलमध्ये सोडतात ते पाणी नेमकं काय करतं?

नमस्कार मंडळी,

आम्ही आर्वी तालुक्यातले. मायच्या खालच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल सुरू आहे. नस काढून झाली, तरी पुढच्या सीटिंगचा बराचसा वेळ डॉक्टर मॅडम बारीक सुईच्या सिरिंजनं दाढेत पाणी सोडत होत्या. फाइल म्हणतात ती खरवडायची बारीक सुई फिरवायची, पाणी सोडायचं, ओढून घ्यायचं, परत फाइल. वास थेट ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरीचा. तोंडावर रबराचा पडदा ताणलेला, त्यानं माय घाबरून गेली.

सध्या कापसाची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत. दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. बाबांचं म्हणणं, "नस तं काढली ना? मंग काहून इतकं धुवून राहिल्या? भरून टाका म्हणा." शेजारच्या काकूंच्या दाढेत दुसरीकडे नुसतं सलाईन मारलं, पडदाही लावला नाही, आणि त्या एका दिवसात मोकळ्या झाल्या. हे ऐकल्यापासून मायही तिकडंच जाऊ म्हणते.

मला दाढ वाचवायची आहे. माय कित्येक दिवस भाकर दुधात कुस्करून खाते, ते बघवत नाही. म्हणून विचारते: इतकं धुणं खरंच लागतं का? सलाईननं भागतं का? आणि तो क्लोरीनचा पदार्थ पोटात गेला तर?

प्रतिसाद (दंतवैद्य, वर्धा जिल्हा)

ताई, आधी मायला सांगा की डॉक्टर नीट काम करत आहेत, दवाखाना बदलू नका.

नस काढली म्हणजे दाढ आतून साफ झाली असं होत नाही. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन किंवा चार नळ्या असतात. पुढच्या मुळातल्या दोन नळ्यांमध्ये चपट्या फटी असतात, टोकाजवळ बारीक फाटे फुटतात. फाइल गोल फिरते, तिथं ती पोचत नाही. सूक्ष्म सीटी स्कॅनच्या अभ्यासात नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलच्या स्पर्शाविना राहिलेला दिसला आहे. तिथली सडलेली नस आणि जंतू काढायचं काम पाण्याचं.

तो वास सोडियम हायपोक्लोराइटचा. टीसीएल पावडरीतही क्लोरीनचंच काम असतं, तुम्ही बरोबर ओळखलंत. आम्ही ते ०.५ ते ६ टक्के ताकदीचं वापरतो. पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांनी याचंच ०.५ टक्क्याचं द्रावण वापरात आणलं. जंतू मारण्याबरोबर ते मेलेली नस विरघळवतं. विरघळवताना त्यातला क्लोरीन खर्ची पडतो, म्हणून जुनं ओढून घेऊन ताजं सोडत राहावं लागतं. मॅडमचा वेळ त्यात जातो. सलाईन कचरा वाहून नेईल, पण ते नस विरघळवत नाही आणि जंतूही मारत नाही.

दुसरं पाणी ईडीटीएचं, साधारण १७ टक्क्यांचं. फाइलनं खरवडल्यावर भिंतीवर दाताच्या भुकटीचा पातळ थर बसतो आणि भिंतीतली सूक्ष्म छिद्रं बुजतात. ईडीटीए त्यातलं कॅल्शियम धरून थर सोडवतं. ते शेवटी, मिनिटभरच ठेवायचं, जास्त वेळ ठेवलं तर चांगली भिंतही झिजते.

प्रतिसाद (वाचक, दारव्हा)

माझ्या दाढेला क्लोरहेक्सिडीन वापरलं होतं. ते सौम्य असतं म्हणे. मग तेच का नाही वापरत?

प्रतिसाद (दंतवैद्य)

२ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडीन जंतूंवर चांगलं आहे, पण नस विरघळवत नाही. म्हणून हायपोक्लोराइटच्या जागी ते चालत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळली की नारिंगी-तपकिरी गाळ बसतो आणि नळ्या बुजतात, त्यामुळे मध्ये दुसऱ्या पाण्यानं धुवून घ्यावं लागतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते आता गप्प आहेत. पण धोक्याचं राहिलं. आणि एकाच सीटिंगमध्ये उरकायला सांगितलं तर चालेल का?

प्रतिसाद (दंतवैद्य)

धोका आहे, लपवणार नाही. हे पाणी मुळाच्या टोकाबाहेर दाबानं गेलं तर लगेच भयंकर दुखतं, गाल सुजतो, काळानिळा पडतो. म्हणून सुईचं तोंड बाजूला असतं, ती टोकापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबवतात, नळीत घट्ट अडकू देत नाहीत आणि पाणी हळू सोडतात. पण फार वर थांबूनही भागत नाही. बंद तळाच्या बारीक बाटलीत पाणी ओतताना हवा अडते, तसा टोकाशी बुडबुडा अडकतो. म्हणून काही जण अल्ट्रासॉनिक यंत्रानं पाणी हलवतात.

पडदा लावतात तो यासाठीच, पाणी घशात जाऊ नये आणि तोंडातली लाळ दाढेत उतरू नये म्हणून. नाकानं श्वास घेता येतो हे मायला आधी समजावा. हात वर केला की डॉक्टर थांबतील असं ठरवून ठेवा, भीती बरीच कमी होते.

एका सीटिंगमध्ये करणं चुकीचं नाही. पू येत नसेल, नळ्या कोरड्या होत असतील आणि धुण्याला पुरेसा वेळ दिला असेल तर होतं. पू असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरून थांबलेलं बरं. वेचणीची अडचण मॅडमना मोकळेपणानं सांगा, त्या लांब वेळ एकदाच देऊ शकतील.

एक मात्र कराच. मधल्या दिवसांत वरचं तात्पुरतं सिमेंट निघालं तर वेचणी सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा. लाळ आत शिरली की जंतू पुन्हा शिरतात आणि नळ्या परत धुवाव्या लागतात. आणि मायला खर्रा खायची सवय असेल तर त्या बाजूनं तरी चघळू देऊ नका, सुपारीच्या दाबानं पोकळ दाढ तडकते.