जुने फोटो दुरुस्त करून घेतलेत का कुणी? अनुभव लिहा

बिट्टीचं फूल
गावच्या शाळेला शंभर वर्षं होतायत, स्मरणिका निघतेय आणि आजोबा तिथे हेडमास्तर होते म्हणून त्यांचा फोटो मागितला. आमच्याकडे आजोबांचा म्हणावा असा एकच फोटो, शाळेचा ग्रुप फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागून कसर लागलेली आणि नेमका आजोबांच्या डाव्या कानाजवळ बुरशीचा पांढरा डाग. सांगलीत एक दादा घरूनच हे काम करतात, त्यांच्याकडे दिला. त्यांनी आधी प्रश्नच किती विचारले, टोपी काळी की पांढरी, चष्मा कायम असायचा की फक्त वाचायला, मग म्हणाले डागाखाली कान उरलेलाच नाही, दुसरा फोटो आहे का? नाही. मग घरात कुणाचा कान त्यांच्यासारखा आहे का? आई आणि काकू एकदमच म्हणाल्या, धाकट्या भाऊजींचा! मग काकांना खिडकीशी उभं केलं, ग्रुप फोटोत ऊन ज्या बाजूने आहे त्याच बाजूने उजेड घेतला आणि फोटो काढून पाठवला. आजोबांच्या फोटोत आता काकांचा कान आहे, आणि शप्पथ सांगते, कळत नाही.

प्रिंट आल्यावर आई म्हणाली, अगं मामंजींच्या कोटाचं वरचं बटण तुटकंच असायचं, ते तसंच ठेवलंय बघ त्याने. मला ते इतकं आवडलं ना. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, घरोघरी असे किती फोटो पडून असतील. तुम्ही कुणी करून घेतलेत का? कुठे, कसे, काय अनुभव, सगळं लिहा.

कसबेकर
छान धागा ताई. आमच्याकडे १२ जुलै १९६१ च्या आधीचं काहीही नाही. पानशेत. आजीचं घर नदीकडच्या बाजूला, ट्रंक सापडली पण आत नुसता चिखल. आई नेहमी म्हणायची भांडी परत घेता आली, लग्नाचा फोटो कुठून आणणार. मग मागच्या दिवाळीत इंदूरच्या मावसआजीकडे गेलो तर तिच्या अल्बममध्ये आजीआजोबांच्या लग्नाचा फोटो! तेव्हा लग्नाला न आलेल्यांना पोस्टाने फोटो पाठवायची पद्धत होती ना, त्यातलाच, मागे आजोबांच्या अक्षरात 'सप्रेम नमस्कार'. तिथेच फोनवर काढून घेत होतो पण मावसआजी म्हणाली नीट करून आण, आणि मूळ फोटोच हातात दिला. नीट स्कॅन करून तिचा तिला परत केला. तर ज्यांच्याकडे पुरात, आगीत, वाटण्यांत फोटो गेलेत त्यांनी नातेवाईकांचे अल्बम आधी बघा. तुमचा फोटो दुसऱ्याच्या घरात असतो.

तिरफळ
शेवटचं वाक्य +१. माझ्या मुंजीचा फोटो आत्याकडे सापडला.

फोकसवाला
माझं कामच हे आहे म्हणून थोडं लिहितो, दुकान उघडायच्या आधी वेळ आहे तेवढं. बहुतेक लोक येतात आणि म्हणतात नवीन करून द्या. मी म्हणतो आधी स्कॅन चांगला होऊ दे, दुरुस्ती नंतर दहा वेळा करता येते. पोस्टकार्डाएवढा फोटो असेल तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पासपोर्टएवढा असेल तर १२०० ला, आणि पहिली फाइल टिफमध्ये, म्हणजे फोटोतलं काही न गाळणाऱ्या प्रकारात, ठेवून द्यायची, तिला हात लावायचा नाही, सगळं काम कॉपीवर. घरात निगेटिव्ह असेल तर प्रिंटच्या आधी ती द्या, लोक निगेटिव्ह कचरा समजून टाकतात, जीव तुटतो हो. आणि ते जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत तिरकं धरलं की काळ्या भागावर निळसर चांदीसारखी चमक दिसते ना, ती खरोखर चांदीच असते, फोटोतलीच, वर्षानुवर्षांच्या दमटपणाने पृष्ठभागावर आलेली. ती कापडाने पुसू नका. स्कॅनरवर तिथे पांढरट धुकं येतं, मग आम्ही कॅमेऱ्याने उजेडाचा कोन बदलून काढतो. गिऱ्हाईक आलं, नंतर लिहितो.

माहेरवाशीण
काचेला चिकटलेल्या फोटोचं काय करायचं? सासऱ्यांचा आहे, देवघराबाहेर लावलेला, पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीला. दिरांनी ओढून बघितला तर कोपरा काचेलाच राहिला.

फोकसवाला
वहिनी, आता कुणालाही हात लावू देऊ नका त्याला. काचेसकट तसाच न्यायचा. काचेतूनच फोटो काढून घेता येतो. काही फोटो पाण्यात भिजवून सोडवतात हे खरं आहे पण ते जाणत्या माणसानेच करायचं, आणि हाताने रंगवलेला असेल तर पाण्याचं नावच काढायचं नाही, रंग निघून जाईल.

रानजाई
मला एका गोष्टीचा फार राग आलाय तो इथे काढते. भाच्याने हौसेने पणजीचा फोटो कुठल्याशा एआय अ‍ॅपमध्ये टाकला आणि ग्रुपवर पाठवला. सगळ्यांचे अंगठे आणि बदाम. मी बघते तर कपाळावरचं गोंदण गायब, हनुवटीवरचे तीन ठिपके गायब, गालावरचे देवीच्या रोगाचे व्रण गायब, नाकात नथ होती ती अर्धी पुसलेली कारण त्याला तो फोटोवरचा ओरखडा वाटला असणार. चेहरा एकदम गुळगुळीत, कुणीतरी सिरियलमधली बाई. आमची पणजी देवीतून वाचलेली, तिच्या दोन बहिणी त्यातच गेल्या. ते व्रण आहेत म्हणून ती आहे आणि ती आहे म्हणून आम्ही आहोत, ते कसे पुसता तुम्ही? इरकल साडी जांभळी करून टाकलीय, तिच्या साड्यांचा रंग माहीत असलेली आजी अजून आहे आमच्यात, तिला विचारायला काय झालं होतं.

बिट्टीचं फूल
रानजाई, अगदी अगदी. आमच्या सांगलीच्या दादांनी हेच विचारलं होतं की हा डाग फोटोवरचा आहे की चेहऱ्यावरचा.

फोकसवाला
हाच पहिला प्रश्न असायला हवा. तीळ, व्रण, तिरका दात, काय ठेवायचं ते घरच्यांनी कागदावर लिहून द्यावं, आम्हाला कसं कळणार? देवी तर १९७७ ला देशातून गेली असं जाहीर झालं, माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाला व्रण म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याला ती प्रिंटची खराबी वाटते. मी आता एआय वापरतो, नाही असं नाही, पार्श्वभूमीची भिंत, जमीन यांना वापरतो. डोळे आणि तोंड हातानेच.

बडोदेकर बाळ
आमच्याकडचे सगळे फोटो आगफा क्लिक थ्रीचे. चौकोनी. वन ट्वेंटी रोलमध्ये बारा फोटो यायचे आणि कडक उन्हातच काढायचे, त्यामुळे आमच्या खानदानात सगळ्यांचे डोळे बारीक आलेत. तो कॅमेरा आमच्या बडोद्यात बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये, बाबा फार अभिमानाने सांगतात.

तिरफळ
आमच्याकडेही होता! काळा, चामड्याच्या कव्हरात. सहलीला गेलं की बाबा 'हलू नका' म्हणून ओरडायचे.

बडोदेकर बाळ
बाबांनी निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, एकेक कागदात गुंडाळून वर साल लिहिलेलं. त्या स्कॅन केल्या तर प्रिंटमध्ये कधी न दिसलेलं दिसायला लागलं, मागे भिंतीवर कॅलेंडर, आईच्या हातातल्या वर्तमानपत्राचं नाव. सूरसागर तळ्याच्या काठचा एक आहे, त्यात मागच्या दुकानाची पाटी वाचता येते.

कसबेकर
बडोद्यात कुठे तुम्ही? माझी मामी दांडिया बाजारची.

बडोदेकर बाळ
अहो मग शेजारीच! रावपुरा. मामींचं माहेरचं आडनाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आई नक्की ओळखेल.

वाशिष्ठीकाठ
चिपळूण. २२ जुलै २०२१. तळमजला पूर्ण पाण्याखाली होता, अल्बम कपाटात खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर आधी माणसं, मग दुकान, मग घर, अल्बमकडे बघायला कुणाला वेळ होता. मुंबईच्या चुलतबहिणीने फोन करून सांगितलं की गठ्ठा तसाच सुकवू नका, सुकला की वीट होते, एकही सुटणार नाही. एकेक सोडवा, साध्या स्वच्छ पाण्यातून हळूच काढा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, आणि जे आज जमत नाहीत ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. आमच्याकडे फ्रीज कुठला, तोही पाण्यात. वरच्या आळीतल्या काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवले, त्यांनी त्यासाठी आपली खोबऱ्याची वाटणं बाहेर काढली. जुन्या सुती साड्या अंथरून त्यावर फोटो वर तोंड करून पसरले होते, पंखा मंद. ब्लॅक अँड व्हाइट बरेच वाचले. रंगीत, ते चिकट पानांच्या अल्बममधले, त्यांचा वरचा थरच सायीसारखा सरकला. माझ्या बहिणीच्या लग्नात तिचा चेहरा असलेला एकही फोटो धड राहिला नाही. ती आता नाहीये म्हणून जास्त लागतं.

माहेरवाशीण
अरेरे. काय बोलावं कळत नाही दादा.

रानजाई
लग्नाच्या फोटोग्राफरकडे निगेटिव्ह असतील का? काही जण ठेवतात.

वाशिष्ठीकाठ
त्यांचं दुकानही त्याच पाण्यात गेलं. पण नवऱ्याकडच्या मंडळींकडे अल्बमची दुसरी प्रत होती. कसबेकर म्हणाले तसंच. तिचे दीर स्वतः घेऊन आले, जेवूनही गेले.

शिकागोची सून
ऑफिसात आहे, पटकन लिहिते. सासरेबुवांच्या स्लाइड्स होत्या, सत्तरच्या दशकातल्या, इथे नवीन आल्यावर काढलेल्या. कोडाक्रोम फिल्मच्या अजून टवटवीत, बाकीच्या फिल्मच्या लाल पडल्यात, सासूबाई सगळीकडे डाळिंबी दिसतात. स्कॅन करणाऱ्याने सांगितलं की निळसर-हिरवा रंग आधी विटतो म्हणून लाल उरतो, आणि बराचसा परत आणता येतो, आला पण. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक करतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि नावं!! आमच्याकडे निम्मे चेहरे अनोळखी. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या आत्यांना एकेक फोटो दाखवतो, त्या चेहऱ्यावरून नाही ओळखत, दागिन्यावरून ओळखतात. 'ही पुतळ्यांची माळ ना, मग ही आमची मोठी वहिनी, ती माळ पुढे हिच्या लेकीकडे गेली, त्यावरून काय रामायण झालं म्हणून सांगू' असं म्हणत पुढचा तासभर रामायण. सगळं रेकॉर्ड करतो आम्ही.

तिरफळ
आत्यांचं रेकॉर्डिंग इथे टाका, आम्हीही ऐकू.

मांडवीपलीकडे
गोव्यात आमच्या पणजोबांचा सूटबूटवाला फोटो आहे, टाय, खिशात रुमाल. आयुष्यभर बागायतीत काष्टी नेसून फिरलेला माणूस. कोट स्टुडिओचाच असायचा, म्हणून गावातल्या चार घरांत पुरुषमंडळी त्याच कोटात आहेत, आम्ही फोटो शेजारी ठेवून बघितलेत, उजव्या बाहीला सुरकुती तीच. आमचा फोटो हाताने रंगवलेला आहे, गालावर गुलाबी. नातवंडं म्हणाली रंग काढून ओरिजिनल करू. मी नाही म्हटलं. त्या पेंटरने बारीक ब्रशने डोळ्यात एकेक पांढरा ठिपका दिलाय, भिंगातून बघितल्यावर दिसतो, ते त्याचं काम आहे, ते पण राहिलं पाहिजे.

सदाफुली७
मी इथे फक्त वाचते पण आज लिहिते. आमच्याकडे एक कौटुंबिक फोटो आहे त्यात कुणीतरी कात्रीने एक बाई कापून काढलीय. तिचा हात तेवढा राहिलाय, आजीच्या खांद्यावर, हिरव्या असाव्यात अशा बांगड्या. स्टुडिओवाला म्हणाला मागची भिंत भरून देतो, हातही काढून टाकतो, एकदम कळणार नाही. मोठ्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, हात राहू दे. एवढंच. कोण ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फोटो कापल्या जागेसकट स्कॅन करून ठेवलाय.

रानजाई
सदाफुली, लिहीत जा गं.

फोकसवाला
परत आलो. घरी ठेवताना: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने कडेला, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. ओल्या भिंतीवर मूळ फोटो लावूच नका, प्रिंट लावा, हार घाला, कुंकू लावा, मूळ आत ठेवा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो टाकू नका, हे हात जोडून.

माहेरवाशीण
भाऊ, उद्याच नेतेय सासऱ्यांचा फोटो, नाशिकमध्ये एक जण मिळालेत. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा काढून नेऊ का? खिळे गंजलेत.

फोकसवाला
काही काढू नका वहिनी. फ्रेमसकट जुन्या चादरीत गुंडाळा, स्कूटरवर नको, रिक्षाने जा आणि मांडीवर आडवा धरा, काच खाली. तो तुटका कोपरा काचेवर आहे ना, तो पण तिथेच राहू दे, त्यांना दाखवा, तो वापरता येतो.

माहेरवाशीण
बरं. दिरांना सांगते रिक्षा बोलवायला.