प्रत्येक ठोक्याला पुढचा स्वर

इलेक्ट्रॉनिक ड्रमचं किक पेडल, म्हणजे पायानं वाजवायचं पेडल, त्याच्या प्रत्येक ठोक्याला सिंथेसायझरवर बेसचा (खालच्या पट्टीतल्या ओळीचा) पुढचा स्वर वाजेल का, असा प्रश्न आहे. वाजेल की! आणि ही युक्ती जुनीच आहे. १९८२च्या रोलँड एसएच-१०१ या सिंथेसायझरमध्ये १०० पायऱ्यांचा सिक्वेन्सर (आधी भरलेले स्वर क्रमानं वाजवणारी सोय) आहे; एक्स्टर्नल क्लॉकच्या, म्हणजे बाहेरून ताल देण्याच्या, सॉकेटमध्ये एक पल्स (विजेचा क्षणिक इशारा) गेली की तो एक पायरी पुढे सरकतो. ती पल्स ड्रम मशीनऐवजी पेडलवरून द्यायची, इतकंच.

खरी डोकेदुखी डबल ट्रिगरिंगची. पेडलचा बीटर (ठोका देणारा दांडा) उसळून पुन्हा टेकला की एका ठोक्याचे दोन होतात. नुसता किकचा आवाज असता तर कुणाला कळलंही नसतं, पण इथे एक स्वर जादा सरकला की पुढची सगळी ओळ घसरते. माझी स्टेजवर तशी फजिती झाली आहे, बासरीवाला माझ्याकडे बघतच राहिला. त्यासाठी मॉड्यूलमध्ये (पेडलचा इशारा घेणाऱ्या ड्रमच्या यंत्रात) मास्क टाइम, म्हणजे एका ठोक्यानंतर पुढचा ठोका न मोजण्याची मुदत, वाढवा, पण बेतानं. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) सोळांशाचे, म्हणजे मात्रेला चार, ठोके ७५ मिलिसेकंदांवर पडतात. मास्क त्याहून मोठा ठेवलात तर डबल पेडलचे (दोन्ही पायांनी वाजवलेले) खरे ठोकेच गिळले जातील.

आणि सिक्वेन्स पहिल्या स्वरावर आणणारं बटण हाताशी असू द्या.